शाळा सुटलेल्या पोरांसाठी कामाची शाळा : वाचकांचे प्रश्न, माहितगारांची उत्तरं

कौशल्य शिकवणारी शाळा काढायची आहे, काढली आहे पण अडखळते आहे, किंवा घरातलं पोरगं शाळा सोडून बसलंय त्याला कुठे घालू, अशा आशयाची बरीच पत्रं धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आली. त्यांतली सात इथे थोडक्यात दिली आहेत. उत्तरं आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या, वर्कशॉप चालवणाऱ्या आणि संस्थांचे हिशेब पाहणाऱ्या माहितगारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र आहोत. दोघं शिक्षक, एक वायरमन, बाकी शेतकरी. गावाबाहेर आठशे चौरस फुटांची पत्र्याची शेड भाड्याने मिळते आहे. शाळा सोडलेल्या मुलांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू करायची आहे. आधी संस्थेची नोंदणी, आधी यंत्रं की आधी मुलं?
– एक वाचक, शहादा

उत्तर : आधी काम शोधा. मग मुलं, मग यंत्रं. नोंदणीचे कागद तोवर शेजारून चालू राहतात.

काम शोधायचं म्हणजे एसटीच्या टप्प्यातल्या दहा-बारा गावांत आणि शहाद्याच्या बाजारात चार प्रकारची माणसं गाठायची: मोटार रिवाइंडिंगवाला (जळालेल्या मोटारीत नवी तार भरणारा), ठिबकचा विक्रेता, फॅब्रिकेशनवाला आणि गॅरेजवाला. "आमच्या मुलांना काम द्याल का?" असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतील, आणि त्या होकाराला काही अर्थ नसतो. त्याऐवजी विचारा: हंगामात दुकानात किती मोटारी तुंबतात? हाताखालचं पोरगं किती महिने टिकतं? नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी काय यायला हवं? येत्या फेब्रुवारीत दोन पोरं ठेवाल का, आणि हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती द्याल? या प्रश्नांना मिळालेली उत्तरं वहीत उतरवा. अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा त्या वहीतूनच निघतो.

हे काम तालुक्यागणिक बदलतं. शहादा-तळोद्याच्या बागायती पट्ट्यात सबमर्सिबल मोटार, स्टार्टर, ठिबक आणि आता सौरपंप यांना बारा महिने मिस्त्री लागतो. जळगाव एमआयडीसीत पाइप, ठिबक, चटई आणि डाळमिल आहेत. तिथे मशीन ऑपरेटर आणि देखभाल करणारा फिटर हवा असतो. साक्रीकडे सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प आहेत. धुळ्यात यंत्रमाग आहेत. शेजारच्या गावात एखादा कोर्स चालला म्हणून तोच उचलणं धोक्याचं. संगणक आणि शिवणकाम हे दोन वर्ग सुरू करायला सोपे, म्हणून नव्या संस्था हमखास तिथे शिरतात, आणि दुसऱ्या वर्षी मुलं शोधत फिरतात.

सुरुवात एकाच ट्रेडने, म्हणजे एकाच व्यवसायाच्या शिक्षणाने, करा आणि पहिल्या तुकडीत बारा मुलं घ्या, त्याहून जास्त नको. तुमच्यात वायरमन आहे, तेव्हा मोटार दुरुस्ती आणि घरगुती वायरिंग हा तुमचा नैसर्गिक ट्रेड. पण वायरमनला काम येतं म्हणून शिकवता येतंच असं नाही. चांगल्या मिस्त्रीची अडचण अशी की त्याचे हात पुढे जातात आणि तोंड मागे राहतं. मुलं नुसती बघत उभी राहतात. म्हणून रोजच्या कामाची चिठ्ठी आदल्या संध्याकाळी लिहायची: आज कोणतं काम, कोणतं साहित्य, प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने काय पुरं करायचं आणि ते तपासायचं कसं. ही चिठ्ठी लिहायला तुमचे दोन शिक्षक मित्र कामी येतील. मिस्त्रीला महिन्याचा पगार ठरवून द्या. तासावर पैसे दिले की बाहेरचं मोठं काम आल्याबरोबर तो जातो, आणि त्या दिवशी वर्ग बुडतो.

आता नोंदणी. महाराष्ट्रात सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखालची नोंदणी धर्मादाय कार्यालयातच होते. किमान सात सभासद लागतात. सातही जण एकाच भाऊबंदकीतले घेऊ नका. वाटण्या झाल्या की संस्थाही वाटली जाते. उद्देशाच्या कलमात प्रशिक्षणासोबत वसतिगृह, उत्पादन आणि दुरुस्ती सेवा हे शब्द आत्ताच घाला. मुलांनी बनवलेली वस्तू विकायची वेळ आली की हे शब्द लागतात, आणि नंतर घटनादुरुस्ती करत बसणं जिकिरीचं असतं. पॅन, बँक खातं, मग आयकर खात्याकडची नोंदणी, असा पुढचा क्रम. बँक व्यवहारावर दोघांच्या सह्या ठेवा.

प्रश्न : वेल्डिंग आणि मोटार दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग काढतो आहोत. वीस मुलांचा विचार आहे. साहित्य किती लागेल? खर्चाचा अंदाज कोणी नीट सांगत नाही.
– एका संस्थेचे कार्यवाह, चोपडा तालुका

उत्तर : अंदाज चुकतो तो यंत्रांमुळे नाही, रोज जळणाऱ्या मालामुळे. यंत्र एकदाच घ्यावं लागतं, वेल्डिंग रॉड रोज लागतो. हिशेब बूथवरून, म्हणजे वेल्डिंगसाठी आडोसा केलेल्या कप्प्यावरून, करा. एका बूथमध्ये चार तास सतत कोणी ना कोणी काम करत असेल तर ३.१५ मिलिमीटरचे, ३५० मिलिमीटर लांबीचे साधारण साठ रॉड जळतात. किलोत असे तेहतीसच्या आसपास रॉड बसतात, म्हणजे बूथमागे रोज पावणेदोन-दोन किलो. चार बूथ असतील तर सात-आठ किलो, आणि साठ दिवसांच्या सरावाला साडेचार क्विंटलच्या घरात. याला तुमच्या दुकानदाराच्या भावाने गुणा. ही रक्कम आधी बाजूला काढता येत नसेल तर बूथ कमी करा, पण रॉड मोजून देऊ नका. दिवसाला चार रॉड मिळालेलं पोरगं सहा महिन्यांनीही अडखळतच वेल्डिंग करतं.

म्हणूनच चार बूथवर वीस मुलं नकोत. बारा घ्या. एका बूथला तीन मुलं: एक चाप (वेल्डिंगचा आर्क) ओढतो, दुसरा त्याच्या मागे काच लावून बघतो, तिसरा कापणं, ग्राइंडिंग आणि आखणी करतो. दर वीस मिनिटांनी पाळी बदलते.

बूथ पाच बाय पाच फुटांचा, सहा फूट उंच, खाली एक फूट मोकळा सोडलेला हवा, म्हणजे धूर साचत नाही. आतून गडद, चमक नसलेला रंग द्या. चकचकीत भिंतीवरून उजेड उलटतो आणि काच लावलेल्या मुलाच्याही डोळ्यांत मागून जातो. काच १० किंवा ११ नंबरची. संध्याकाळी सगळं ठीक असतं आणि रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग होते, ती याच उजेडाने. बटाट्याच्या चकत्या ठेवून भागवू नका, डॉक्टरला दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी त्या बूथचा पडदा तपासा. कपडे सुतीच हवेत. मुलं घरून टेरिकॉटचा शर्ट घालून येतात. ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. सुती ओव्हरऑल, चामड्याचे हातमोजे, एप्रन आणि बूट संस्थेने द्यायचे. मुलांना आणायला सांगू नका, ती आणू शकत नाहीत.

पहिला आठवडा चाप लावायचाच नाही. टेप वाचणं, गुण्या लावणं, हॅकसॉने सरळ कापणं, कानस मारणं एवढंच. आठवीपर्यंत शिकलेल्या बऱ्याच मुलांना टेपवरचे मिलिमीटर वाचता येत नाहीत, आणि मिस्त्री सगळं सुतात बोलतो. एका इंचात आठ सूत, एका इंचात २५.४ मिलिमीटर, म्हणून एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं जास्त, हे पाटीवर नको, लोखंडावर आखून घ्या. सहा बाय तीनच्या खाटेला किती फूट पाइप लागेल, कोपरे ४५ अंशांत कापले तर किती वाया जाईल, बिल किती होईल: गणिताचा तास इथेच होतो.

मग सपाट पट्टीवर सरळ रेघ. रॉड चिकटत असेल तर करंट कमी आहे, २.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपियर, ३.१५ ला ९० ते १३० च्या दरम्यान ठेवा. कडेने खड्डा पडतो तेव्हा करंट जास्त असतो किंवा चाप लांब धरलेला असतो. टाक्यात बारीक भोकं दिसली तर रॉड ओलसर. पावसाळ्यात उघडं पाकीट दोन दिवसांत ओलं धरतं, ते बंद डब्यात ठेवा. सपाट जमल्यावर लॅप (एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांचा जोड), मग टी-जोड, मग आडवं, शेवटी उभं. तपासणी नुसत्या डोळ्यांनी नको. टी-जोडाला एकाच बाजूने टाका मारायचा, थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडायचा. आत काळा मळ दिसला, किंवा कोपऱ्यापर्यंत लोखंड वितळलेलंच नसलं, तर वरून कितीही सुंदर दिसणारा टाका नापास. हा तुकडा मुलाच्या हातात द्या. मास्तरने दहादा बोलून जे कळत नाही ते त्या मोडलेल्या तुकड्यात त्याला दिसतं.

सरावाचं लोखंड नवं घेऊ नका. फॅब्रिकेशनवाल्यांकडे पट्टीचे तुकडे भंगाराच्या भावात मिळतात. दोन्ही बाजूंनी रेघा मारून ते परत भंगारात विका.

मोटारीच्या बाजूला बारा मुलांना सहा लाकडी वायरिंग बोर्ड, एक हॉर्सपॉवरचे दोन सिंगल-फेज मोनोब्लॉक, तीन ते पाच हॉर्सपॉवरचे चार थ्री-फेज सबमर्सिबल, डीओएल (थेट) आणि स्टार-डेल्टा (दोन टप्प्यांचा) स्टार्टर, क्लॅम्प मीटर आणि ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगमधून वीज बॉडीत गळते का ते मोजणारं यंत्र) लागतो. मोटारी नव्या घेऊ नका, रिवाइंडिंगच्या दुकानातून जळक्या आणा. जळालेली मोटार हेच इथलं पाठ्यपुस्तक. उघडल्यावर आधी वास आणि रंग बघायचा. सगळी कॉइल सारखी काळी पडली असेल तर व्होल्टेज कमी होतं किंवा मोटारीवर भार जास्त होता. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची कॉइल जळून तिसरी कोरी राहिली, किंवा डेल्टात एकच फेज जळली, तर एक फेज गेलेली असताना मोटार चालत राहिली होती. हे निदान आलेला मुलगा शेतकऱ्याला सांगू शकतो की मोटार पुन्हा भरून उपयोग नाही, आधी स्टार्टरमध्ये सिंगल-फेज प्रिव्हेंटर बसवा. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात भूजल खोल गेलं आहे, तिथे बोअर कोरडा पडून मोटार चालत राहणं हे आणखी एक कारण.

कॉइल तोडण्याआधी वहीत चार गोष्टी उतरायला लावा: एका कॉइलचे वेढे, तारेचा गेज, कितव्या खाचेतून कितव्या खाचेत गेली, आणि जोडणीचं चित्र. मुलं घाईत आधी तोडतात आणि मग वेढे मोजायला काही उरत नाही. भरल्यावर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात मेगर १ मेगाओहमपेक्षा कमी दाखवत असेल तर ती मोटार लाइनवर लावायची नाही.

विजेचं एक महत्त्वाचं. शेड शेतात असेल आणि जोडणी शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री-फेज ठरावीक तासच मिळते, कधी रात्रीची. गावठाण फीडरवरूनच जोडणी घ्या. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन १०० अँपियरला सुमारे ३ केव्हीए (वीजभाराचं माप) ओढतं. चार मशीन, ग्राइंडर, ड्रिल, दिवे-पंखे धरून १५ केव्हीएपर्यंत भार मागा. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग याशिवाय वर्ग सुरू करू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी नावानिशी एकाला द्या.

प्रश्न : धडगाव भागातून मुलं येतात, चांगली शिकतात. दिवाळी झाली की निम्मी गायब. काय करावं?
– एक शिक्षिका, तळोदा

उत्तर : ताई, मुलं दिवाळीनंतर जातात, पण जायचं ठरलेलं असतं आषाढ-श्रावणात. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घरात येते तेव्हाच. नवरा-बायको मिळून एक कोयता; सोळा-सतरा वर्षांचं पोरगं अर्धा कोयता म्हणून धरलं जातं आणि त्याच्या नावावरही पैसे घेतलेले असतात. दिवाळीत तुम्ही घरी गेलात तर बाप काही करू शकत नाही, पैसे खर्च झालेले असतात. गृहभेटी जुलै-ऑगस्टमध्ये करा. पोरगं शिकणार असेल तर त्याचा अर्धा कोयता उचलीत धरू नका, एवढी एकच गोष्ट बोला, आणि त्याचं जेवण-राहणं आम्ही पाहतो हे स्पष्ट सांगा.

म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल हा निवासी वर्ग ठेवावा लागतो. आईबाप गाव सोडून जातात, घरात म्हातारी असते किंवा तीही नसते. वीस मुलांना पीठ आणि तांदूळ मिळून रोज बारा किलो धान्य लागतं, महिन्याला साडेतीन क्विंटलपेक्षा थोडं जास्त. काही कुटुंबं मका किंवा ज्वारी आणून देतात; ते घ्या, पावती द्या. घरचं धान्य आलं की संस्थेबद्दल घराचं मनही जोडलेलं राहतं.

होळीचं वेळापत्रक तुम्हीच आखा. भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजारापासून होळीपर्यंत सातपुड्यात कोणी वर्गात बसत नाही आणि बसावं असंही नाही. आठ दिवस सुटी आधीच लिहून टाका आणि परत यायचा वार ठरवा. सुटी नाकारली तर मुलं न सांगता जातात, आणि मग रागावतील म्हणून परत येत नाहीत. पुष्कळ गळती या एका भीतीने होते. बागायती भागातल्या मुलांसाठी अक्षय्य तृतीयेची आखाजी आणि श्रावणातली कानबाईही अशीच धरा.

भाषेचंही पाहा. पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारं मूल मराठी सूचना अर्धी समजून मान डोलावतं, आणि मशीनवर तिथेच अपघात होतो. पहिला महिना जुना पावरा विद्यार्थी मदतनीस म्हणून सोबत ठेवा. मुलाने मान डोलावली ती पुरेशी धरू नका. "आता तू मला सांग, काय करणार?" असं विचारून मगच स्विच चालू करू द्या. निधी आणि वसतिगृहासाठी तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल इथली आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं आहेत, तिथे अर्ज करा.

प्रश्न : भाऊ, मना पोऱ्यानी आठवीम्हा शाळा सोडी. त्याले कोठे धाडू? घर शेतीनं, उत्पन्न काहीच नही.
– एक पालक, साक्री तालुका

उत्तर : भाऊ, आधी शाळेतून दाखला काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते बघा. आठवी पास असेल आणि वय १४ पूर्ण असेल तर शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा ट्रेडना प्रवेश मिळू शकतो. इलेक्ट्रिशियन आणि फिटरला दहावी लागते. आठवी अर्धवट सुटली असेल तर तो सातवी पास धरला जाईल. मग जनशिक्षण संस्थानाचे वर्ग बघा. १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, त्यातून ही योजना वाढली. १५ ते ४५ वयाच्या, कमी शिकलेल्या माणसांसाठीच ती आहे. सोबत बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयातून दहावीची तयारी सुरू ठेवा. जातीचा दाखला, आधार आणि बँकेचं खातं तीन महिन्यांत करून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात हे कागद होत नाहीत. आणि त्याला १८ पूर्ण होईपर्यंत कारखान्यात धोक्याच्या कामावर पाठवू नका. कायद्याने ते चालत नाही, ठेकेदार काहीही म्हणो.

प्रश्न : आमच्या प्रमाणपत्राला सरकारी मान्यता नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवणं म्हणजे मुलांची फसवणूक आहे का?
– एक विश्वस्त, धुळे

उत्तर : मुलांना प्रवेशाच्या वेळी खरं सांगितलं तर नाही. लपवलं तर हो.

कोणत्या कामाला कागद लागतो आणि कोणत्याला लागत नाही हे ट्रेडवर ठरतं. फॅब्रिकेशन, दुचाकी दुरुस्ती, रिवाइंडिंग यांत मालक हात बघतो. पण महावितरण, रेल्वे किंवा मोठ्या कारखान्यातल्या कायम जागेला आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात, आणि स्वतःच्या नावावर वायरिंगची कामं कायदेशीर घ्यायची तर परवाना लागतो. हे मुलाला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

थेट आयटीआयची संलग्नता मागायला जाऊ नका. जागा, वर्कशॉपचं क्षेत्रफळ, वीजभार, प्रशिक्षित निदेशक (शिकवणारे) या सगळ्याचे निकष ठरलेले आहेत आणि नवी संस्था ते पुरे करता करता कर्जात जाते. मधली पायरी म्हणजे राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम. दोन तुकड्या नीट काढा, हजेरीपत्रक आणि साहित्याचं रजिस्टर व्यवस्थित ठेवा, मग मंडळाकडे अर्ज करा. तपासणीला आलेला माणूस यंत्रांआधी हीच दोन रजिस्टरं मागतो.

उमेदवारीचा, म्हणजे कारखान्यात शिकाऊ म्हणून राहण्याचा, मार्ग फार कमी संस्था वापरतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये, हिस्सा केंद्र सरकार उचलतं. जळगाव आणि नरडाण्यातल्या छोट्या कारखानदारांना हे ठाऊक नसतं. तुम्ही त्यांना उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी करून दिलीत तर तुमच्या मुलाला वर्षभराचं काम आणि शेवटी प्रमाणपत्र, दोन्ही मिळतात.

प्रश्न : मुलींसाठी शिवणकामाशिवाय काही सुचवा.
– बचत गटाच्या अध्यक्षा, रावेर

उत्तर : शिवणकाम वाईट नाही, पायमशीनवर फक्त ब्लाउज शिकवून थांबणं वाईट. नवापूर, शिरपूर आणि सुरतेकडच्या कपड्याच्या कारखान्यांत विजेवरची औद्योगिक मशीन असते, तिचा वेग पायमशीनच्या कितीतरी पट. पायमशीनवर शिकलेल्या मुलीच्या हातातून पहिल्या दिवशी कापड पळतं. दहा मुलींना चार सिंगल-नीडल औद्योगिक मशीन आणि एक ओव्हरलॉक पुरे. त्याखेरीज स्विचबोर्ड जोडणी, मोबाइल आणि मिक्सर-पंखा दुरुस्ती, सौर पॅनेलची तपासणी, आणि तुमच्या भागात केळीची टिश्यू कल्चर रोपं हाताळणं, हे मुली उत्तम करतात.

ट्रेडपेक्षा वेळापत्रक आणि आडोसा महत्त्वाचा. वर्ग एसटीच्या फेऱ्यांत बसवा. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापासून मुलीचं येणं बंद. पाणी असलेलं, आतून कडी लागणारं संडास पहिल्या दिवशी तयार हवं. निदेशक पुरुष असेल तर वर्गात पूर्ण वेळ एक बाई हवी. दहा किंवा अधिक कर्मचारी झाले की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्याने लागते, ती कागदावर ठेवू नका.

प्रश्न : तीन वर्षं झाली. मुलं लागतात, देणगीदारही विचारतात. आता इमारत बांधावी, दुसरं केंद्र काढावं की नवे ट्रेड घ्यावेत? पैसा कसा उभा करावा?
– संस्थेचे सचिव, अमळनेर

उत्तर : इमारत सगळ्यांत शेवटी. आधी एक यादी करा: पहिल्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत? ती यादी तासाभरात होत नसेल तर वाढू नका. कामाला लागल्यावर एक आठवडा, एक महिना, तीन, सहा आणि बारा महिने असे पाच फोन ठरवा. मुलाचा नंबर सहा महिन्यांत बदलतो, म्हणून आईचा किंवा किराणा दुकानदाराचा नंबर प्रवेश अर्जावरच घ्या.

मुलं सुटतात ती बहुतेक पहिल्या चाळीस दिवसांत. चाकण किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या मुलाला खोलीची अनामत आजच द्यावी लागते आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला येतो. मधले दिवस उपाशी काढण्यापेक्षा तो गाडी पकडून घरी येतो, आणि लोक म्हणतात पोरं टिकत नाहीत. संस्थेने बिनव्याजी उसनवारीचा छोटा निधी ठेवावा, दोन पगारांतून परत घ्यावा, आणि एकट्याला कधीच पाठवू नये, किमान तिघं एका खोलीत. नव्या इमारतीच्या एका भिंतीच्या खर्चात हा निधी उभा राहतो.

पाहण्यासारखी दोन उदाहरणं आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना एक वर्ष तिथे ठेवून शेती, वीज, फॅब्रिकेशन, बांधकाम अशी हाताची कामं शिकवायची आणि त्यांतूनच गावाला सेवा द्यायची, असा तो वर्ग. तोच गाभा पुढे माध्यमिक शाळांमध्ये मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय म्हणून गेला. म्हणजे वाढ झाली ती शिकवण्याच्या पद्धतीची. दुसरं, कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये धर्मस्थळच्या वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने दोन बँकांसोबत निघालेली रुडसेटी ही स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण देणारी संस्था. छोटे निवासी वर्ग आणि त्यानंतर दीर्घ पाठपुरावा, ही तिची रीत. त्या नमुन्यावर जिल्ह्या-जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाल्या, त्या दोन वर्षं पाठपुरावा करतात. तुमच्या मुलांतलं कोणी दुकान टाकू पाहत असेल तर तिथे पाठवा. कर्जाचा अर्ज बँकेपर्यंत नीट जातो.

दुसरा ट्रेड त्याच आवारात काढा. वीज, स्वयंपाकघर, कार्यालय सगळं वाटून जातं. दुसरं केंद्र तेव्हाच, जेव्हा तुमचाच जुना विद्यार्थी बाहेर दोन वर्षं काम करून परत आला असेल आणि दोन तुकड्या मदतनीस म्हणून शिकवून झाला असेल. बाहेरून आणलेल्या निदेशकावर दूरचं केंद्र सोपवलं की महिन्याभरात चिठ्ठीचं वेळापत्रक बंद पडतं.

पैशाचं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला देतात आणि त्यात व्यवसाय कौशल्य बसतं. बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते, सीएसआर-१ (कंपन्यांचा हा सामाजिक निधी घेण्यासाठीची) नोंदणी लागते. तुमची तीन वर्षं आत्ताच पुरी झाली, आता भरा. अडचण अशी की देणगीदाराला यंत्र द्यायला आवडतं, कारण त्यावर नाव लिहिता येतं. निदेशकाचा पगार, रॉड आणि धान्य द्यायला कोणी पुढे येत नाही. प्रस्ताव यंत्रांच्या यादीने सुरू करू नका. एका मुलाचा प्रवेशापासून बारा महिन्यांच्या पाठपुराव्यापर्यंतचा खर्च काढा आणि "इतक्या मुलांचा खर्च" असं मागा. जुनी यंत्रं कोणी देत असेल तर सुटे भाग मिळतात का ते पाहून मगच घ्या. चक (काम धरून ठेवणारा भाग) नसलेला लेथ जागा अडवतो, आणि देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून तो विकताही येत नाही.

दुरुस्ती आणि उत्पादनातून थोडं मिळतं, खाटा, बाक, ग्रिल. पण आठवड्यातले दोन दिवस, तेही तिसऱ्या महिन्यानंतर. त्याहून वाढलं की मुलं एकाच मापाचे पाइप कापत बसतात आणि शिकणं थांबतं. कामाच्या पैशातला ठरलेला वाटा मुलांच्या खात्यावर त्याच महिन्यात टाका.

शेवटी धर्मादाय कार्यालयाचं. विश्वस्त बदलला, कोणी वारलं, पत्ता बदलला, तर ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो. लेखापरीक्षण दरवर्षी. अनेक चांगल्या संस्था इथे अडकल्या आहेत: मागचे दोन-तीन बदल नोंदवलेले नाहीत, परिशिष्टावर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) वारलेल्या माणसाचं नाव आहे, आणि मंजूर झालेला निधी बँकेने थांबवला आहे. तीन वर्षांत तुमच्याकडे काय बदललं ते इतिवृत्तातून काढा, परिशिष्ट १ ची ताजी नक्कल मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. नावं जुळली की मगच सीएसआरचा फॉर्म भरायला घ्या.